सुट्टीतली वाकळ

सुट्टी लागली की मुलांना कशात गुंतवावे, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणाला पडत नसे. वाळवणे घालायची, पाखरे हाकायची, चिंचा फोडायच्या, यातच वैशाख सरून जाई. आता तो प्रश्न घरोघरी आहे आणि माझ्याही घरी आहे. गेल्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी माझी नात आणि नातू पुण्याहून सांगलीला आले. नात अकरा वर्षांची, नातू आठ वर्षांचा. पहिले चार दिवस आंबे खाण्यात आणि शेजारपाजार पाहण्यात गेले. पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर नात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आता काय करायचं?"

तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. ते माळ्यावर एका जुन्या नऊवारीत बांधून ठेवलेले होते. आणि ते उघडण्यास मला मनाई होती.

त्या गाठोड्याची हकिगत सांगायची तर आमच्या दुकानाची सांगावी लागेल. सांगलीच्या कापड पेठेत मामंजींनी १९५६ साली कापडाचे दुकान घातले. माझे यजमान शिक्षण संपवून १९८१ च्या दिवाळीत त्या गादीवर बसले. १९८५ साली मी या घरात आले, तेव्हा सायंकाळच्या जेवणाची वेळ दिवस मावळण्यावर ठरे आणि दुकानातला हिशेब त्याआधी मिटवूनच दोघे पितापुत्र घरी येत. पुढे मामंजी गेले, मुलगा शिकून पुण्याला नोकरीस लागला, आणि दुकान एकट्या ह्यांच्यावर आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले. खालच्या फळ्यांवरचे ताके चिखलाने माखले; वरच्या फळीवरचे आणि पोटमाळ्यावरचे तेवढे वाचले. ह्यांनी दुकान धुऊन काढले, पुन्हा माल भरला. तो सहा महिने विकतो न विकतो तोच २०२० चा मार्च आला आणि साऱ्या देशाबरोबर आमचेही दार बंद झाले. दार पुढे उघडले, पण गिऱ्हाईक पूर्वीसारखे परतले नाही. कशीबशी तीन वर्षे रेटून २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही दुकान आवरले आणि जागा भाड्याने दिली.

'आवरा' असे म्हणणारी मीच होते, हे येथे प्रांजळपणे सांगते. २०२१ पासून मी ते म्हणत होते. दिवसभर गादीवर बसून संध्याकाळी रिकाम्या चेहऱ्याने परतणारा माणूस मला पाहवत नव्हता. परंतु दुकान बंद झाल्यावर तो चेहरा भरला नाही, अधिकच मिटला. हे घरी वर्तमानपत्र वाचत, दुपारी पडून राहत, विचारले तेवढेच बोलत. पेठेतून जाण्याचे त्यांनी सोडून दिले. स्टेशनकडे जायचे असले तरी वळसा घालून जात. मला वाटे, हा अबोला माझ्यावरचा आहे. मीच दुकान बंद करविले, याची ही शिक्षा आहे. तसे मी कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही.

दुकान आवरताना पोटमाळ्यावर उरलेले कटपीस, नमुन्याचे तुकडे आणि ताक्यांची शेवटची टोके ह्यांनी एका नऊवारीत बांधून घरी आणली होती. "हे उघडू नकोस. कोणाला तरी देऊन टाक," एवढेच म्हणाले होते. मी ते उघडले नाही आणि दिलेही नाही.

त्या दुपारी हे आत निजले असताना मी मुलांकडून ते गाठोडे खाली काढविले आणि गाठ सोडली.

आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात एक वाकळ शिवीत. मशीनला हात लावीत नसत. सुई, जाड सुती दोरा, अंगुस्तान आणि दुपारचा निवांत वेळ, एवढ्याच भांडवलावर त्यांचे काम चाले. मी नवी सून म्हणून त्यांच्या हाताखाली तीन वाकळी शिवल्या आणि नंतर संसाराच्या घाईत ती सुई ठेवून दिली ती दिलीच. आता नातवंडांच्या निमित्ताने ती पुन्हा हाती घ्यावी, असे मनाने घेतले.

आम्ही तुकडे जमिनीवर मांडीत असतानाच हे दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी नको म्हणालो होतो ना?" आणि आत निघून गेले. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात कात्री घेऊन एक पांढरा पॉपलीनचा तुकडा चौकोनी कापू पाहत होती. कात्री कधी इकडे, कधी तिकडे जाई. हे समोरच वर्तमानपत्र धरून बसले होते. दोनदा त्यांनी पान उलटले, तिसऱ्यांदा ते खाली ठेवले. चांगल्या कापडावर वाकडी कात्री चाललेली त्यांना पाहवेना.

"अगं, असं कापू नकोस. आण इकडे."

त्यांनी काठाला कात्रीने जेमतेम अर्धा इंच छेद दिला, तुकडा दोन्ही हातांत धरला आणि टर्रकन फाडला. रेषा आखावी तसा सरळ. नातवाने टाळी वाजविली. "आबा, फाडूनही सरळ कसं आलं?" ह्यांनी तुकडा उजेडासमोर धरून त्याला उभे धागे आणि आडवे धागे दाखविले. सुती कापड धाग्याच्या वाटेनेच फाटते; कात्री मात्र हात वळेल तिकडे जाते, म्हणून दुकानदार साधे सुती कापड कापीत नाही, फाडतो, हे समजावून सांगितले. अडतीस वर्षे दुकानाच्या उंबऱ्याआत मी ये-जा केली, पण हे मलाही कोणी सांगितले नव्हते.

मग ते उठले आणि कपाटामागून मामंजींचा लोखंडी गज घेऊन आले. आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक मापे आली आणि पेठेत मीटरपट्ट्या दिसू लागल्या, तरी मामंजींनी हा गज टाकला नव्हता. छत्तीस इंचांचा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. दुकानातून ह्यांनी तेवढा एकच जिन्नस स्वतःसाठी घरी आणला होता.

"केवढी करायची वाकळ?" त्यांनी विचारले. "दोन गज लांब, एक गज बारा इंच रुंद," मी सासूबाईंचे माप सांगितले.

व्यापाऱ्याच्या घरात काम सुरू होण्याआधी हिशेब होतो. २०२३ च्या दिवाळीत नेहमीप्रमाणे लाल कापडाच्या बांधणीची नवी वही आणली होती, तिचे पूजनही झाले होते. पण पहिल्या पानावरच्या 'श्री'पलीकडे तिच्यात एक अक्षर पडले नव्हते. ह्यांनी ती वही काढली. बहात्तर इंच गुणिले अठ्ठेचाळीस इंच. दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरले, तर एकूण शिवण ६,९१२ इंच, म्हणजे १९२ गज. धागा कापडात खालीवर बुडतो, म्हणून चौथाई अधिक धरून २४० गज दोरा. एका इंचात दोन टाके, म्हणजे १३,८२४ टाके. मुले १३ जूनला परत जाणार. ८ मेपासून १२ जूनपर्यंत ३६ दिवस. भागाकार नेमका बसला. रोज ३८४ टाके! नातवाने तो आकडा मोठ्याने वाचला आणि आम्ही सगळेच हसलो. हे हसलेले मी फार दिवसांनी पाहत होते.

पहिल्या दिवशी ९७ टाके झाले. ह्यांनी वहीत ते जमा धरले आणि २८७ येणे दाखविले.

ज्या भगिनींना हे काम करून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी रीत थोडक्यात सांगते. नवे सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, उन्हात वाळवून घ्यावे. ते पहिल्या पाण्यात आटते. न भिजविता जोडले, तर धुतल्यावर एक तुकडा आटतो, शेजारचा आटत नाही आणि सगळी वाकळ चुण्यांनी भरते. तळाला एक अखंड जुने लुगडे पसरावे, मध्ये मऊ झालेल्या जुन्या धोतराचे दोन पदर, वर तुकडे. प्रत्येक तुकड्याची कड आत दुमडून घ्यावी. चार कोपऱ्यांवर वजने ठेवून कापड ताणावे आणि लांब कच्च्या टाक्यांनी सगळे पदर एकमेकांना धरून ठेवावेत. मग काठापासून साधा धावदोरा घालीत चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यावे. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असे वाटते, पण तो गुंततो आणि सोडविण्यात दुप्पट वेळ जातो. गाठ पदरांच्या आत लपवावी. दोरा ओढून घट्ट करू नये, नाहीतर कापड चुरमडते. सैलही सोडू नये, नाहीतर पायाच्या बोटांत अडकतो. यात शिकण्यासारखे अवघड असे काहीच नाही. लागतो तो फक्त वेळ, आणि सुट्टीत मुलांकडे तोच तर असतो.

सकाळी नऊ ते साडेदहा ही आमची वेळ ठरली. पहिले आठ दिवस नातू दर दहा मिनिटांनी उठे. कधी बोटाला सुई टोचे, कधी दोरा सुईतून निघे. त्याचे टाके कोठे एक इंचाचे, कोठे पाव इंचाचे पडत. मी ते उसवून नीट करू लागले, तेव्हा नात म्हणाली, "आजी, राहू दे ना. नाहीतर त्याचे कुठले ते कळणारच नाही." मी सुई थांबविली. सासूबाईंनीही माझे पहिले टाके उसविले नव्हते. त्यांची शेवटची वाकळ आजही घरात आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात माझे ते वेडेवाकडे टाके आहेत.

तुकडे लावताना ह्यांचे बोलणे हळूहळू सुरू झाले. कापड हातात आले की आधी ते दोन बोटांत चोळून पाहत, मग सांगत. हा गुळेदगुड्डचा खण. याच्या चोळ्या शिवायला आसपासच्या खेड्यांतून बायका येत. हे टू बाय टू. याचे पंचवीस-तीस रंग ठेवावे लागत, आणि साडीशी रंग जुळतो का हे पाहायला गिऱ्हाईक कापड घेऊन पायरीवर उजेडात जाई. हे खाकी आणि हे पांढरे. जून महिन्यात शाळेच्या गणवेशासाठी याच्यावर झुंबड उडे. हे टेरिकॉट. "टेरिकॉट आटत नाही, सुती आटतं. दोघांना शेजारी बसवायचं तर सुतीला आधी आटवून घ्यावं लागतं," असे म्हणून त्यांनी ते तुकडे वेगळे काढले.

एका फिकट निळ्या पॉपलीनच्या तुकड्यापाशी ते बराच वेळ थांबले. ते मुंबईच्या गिरणीचे कापड होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. "मी दुकानात बसून तीन महिनेही झाले नव्हते," हे मुलांना सांगत होते. "नोंदवलेला माल आलाच नाही. अप्पा म्हणाले, गिरणी थांबली म्हणून माणसं कपडे घालायची थांबत नाहीत. मग आम्ही इचलकरंजीला गेलो, मागांवरचं कापड पाहिलं, आणि तिथून माल भरायला लागलो."

नातू टाका घालता घालता सहज म्हणाला, "मग आबा, तेव्हा दुकान बंद नाही झालं, तर आता का झालं? पुरामुळे?"

आम्ही मोठी माणसे हा प्रश्न दीड वर्ष टाळीत होतो. मी मान वर केली नाही.

हे म्हणाले, "नाही रे बाळा. पुरानं माल भिजला, दुकान नाही बुडालं. लोक आता तयार कपडे घेतात. कापड घेऊन शिंप्याकडे जायला कोणाला वेळ नाही. अप्पांनी संपाच्या वेळी वाट बदलली. मला तसं जमलं नाही." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "आजी सांगत होती तेव्हाच आवरायला हवं होतं. मी दोन वर्षं उशीर केला. त्या दोन वर्षांत किती गेले, ते आजीला अजून सांगितलेलं नाही."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मुले खाली मान घालून टाके घालीत होती. "किती?" मी विचारले. त्यांनी आकडा सांगितला. आपल्या नावावरची एक मुदत ठेव त्यांनी मला न कळविता मोडली होती.

तो आकडा ऐकून मला राग आला नाही, असे मी म्हणणार नाही. राग आला, आणि पैशाहून अधिक तो लपविल्याचा आला. पण त्याच क्षणी दुसरीही गोष्ट उमगली. ज्या अबोल्याला मी इतके दिवस माझ्यावरचा रोष समजत होते, तो रोष नव्हताच. तो संकोच होता. एका घरात, एका छताखाली दोन माणसे दीड वर्ष एकमेकांना चुकीचे वाचीत होती. समोरासमोर बसून 'बोला' म्हटले असते, तर हे कधीही बोलले नसते. हात कामात होते, नजर कापडावर होती, विचारणारा आठ वर्षांचा होता; म्हणून ते बाहेर आले. त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून उरलेल्या ठेवी, जागेचे भाडे, घरखर्च यांचा हिशेब मांडला. तो वाईट निघाला नाही. वाकळीच्या त्या दिवसाच्या खात्यावर मात्र अवघे ४१ टाके जमा झाले.

मेअखेरीस दोरा संपला. चौथाईचा अंदाज मुलांच्या गुंत्यांपुढे टिकला नव्हता. चांगला जाड सुती दोरा मिळतो ते दुकान पेठेतच आहे. मी म्हटले, "मी घेऊन येते." हे चपला घालीत म्हणाले, "नको. दोरा मला कळतो." ते गेले आणि दोन तासांनी परतले. दोऱ्याच्या दोन रिळांबरोबर मुलांसाठी कलिंगड आणले होते. मी काही विचारले नाही. जेवताना ते आपणहून म्हणाले, "आपल्या जागेत मोबाइलचं दुकान चांगलं चाललंय. दिवे फार लावलेत, पण स्वच्छ ठेवलंय." पुढच्या आठवड्यात ते नातवाला घेऊन पुन्हा पेठेत गेले. कुठली पायरी आपली होती ते दाखवायला.

१२ जूनला ह्यांनी वही काढली. जमा ७,५६० टाके. चारी बाजूंनी शिवण आत आली होती आणि मध्ये साधारण दीड गज लांब, पाऊण गजाहून थोडा अधिक रुंद असा भाग कच्च्या टाक्यांवर उरला होता. नात हिरमुसली. "आजी, तू पूर्ण कर आणि आम्हाला पाठव," म्हणाली. मी हो म्हणणार होते, पण हे म्हणाले, "नाही. काम तुमचंही आहे. पुढच्या वर्षी या आणि पुरं करा." वाकळ घडी करून त्याच जुन्या नऊवारीत बांधून ठेवली. पावसाळ्यात एकदा मी ती काढून दोन ओळी घालू लागले, तर ह्यांनी ती हातातून काढून घेतली. "उधारी ज्याची त्यानंच फेडायची," म्हणाले.

वाकळ बाजारात विकत मिळते, मऊ आणि हलकी मिळते, हे आम्हा कापडवाल्यांना सांगायला नको. एका वाकळीसाठी चार माणसांनी ३६ दिवस सकाळचा दीड तास दिला, आणि तरी ती अर्धीच राहिली. व्यापाराच्या हिशेबाने हा व्यवहार तोट्याचा आहे. तसा तो असेलही. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर एखादे गाठोडे असेल. दुकानातले उरलेले तुकडे, आजीची अपुरी राहिलेली विणकामाची पिशवी, मण्यांचे अर्धवट तोरण, असे काहीतरी. येत्या सुट्टीत ते खाली काढावे. मुलांना बोलवावे, आणि घरातले जे माणूस हल्ली फारसे बोलत नाही, त्याच्या नजरेसमोर ते उघडावे. मुलांचे टाके वाकडे आले तर उसवू नयेत. काम सुट्टीत पुरे झाले नाही, तरी घाई करू नये.

काल मुलांचा फोन आला. परीक्षा संपल्या की येतो म्हणाली. संध्याकाळी पाहते तो हे लाल वही उघडून बसलेले. नवे पान काढले होते, वर 'श्री' लिहिला होता, आणि खाली पहिलीच नोंद होती : मागील बाकी, ६,२६४ टाके.